भरवशाचं इंजिन

३ जून
नवी नोकरी, नवं घर, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक जिना! खाली गॅरेज, वर आम्ही दोघं. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. गाड्यांची ताकद मी वाढवायची, नवऱ्याने त्या पळवून बघायच्या. उस्ताद म्हणाले, ताई, काही बिघडलं तर दाजींवर ढकलू. पहिलंच काम एका लाल स्पोर्ट्स कारचं; तिला टर्बो आहे, इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. खिडकीतून दिसते. देखणी आहे.

७ जून
उस्तादांची पद्धत पटली. आधी हवा थंड करणारी मोठी जाळी, मग मोठा पेट्रोल पंप, हवेचा दाब सगळ्यात शेवटी. गाडी मात्र पहिल्यापासून एकानेच चालवायची. इंजिनाला माणसाची सवय व्हावी लागते म्हणे. म्हणूनच त्यांचं एकही इंजिन आजवर फुटलेलं नाही. हा फेरी मारून आला तो धापा टाकतच. म्हणाला, पळते ती आणि दमतो मी. खूप हसलो.

१२ जून
दाब वाढवला. ताकद भरपूर, इंजिन थंडगार. हा जिन्यात मध्येच बसला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत. उस्तादांना विचारलं, आधी गाड्या कोण चालवायचं? पाना पुसत म्हणाले, होता एक. दमला बिचारा.

१५ जून
इंजिनाचा आवाज तपासायला हेडफोन लावले. टर्बो हवा ओढतो तेव्हा शेवटी एक बारीक शीळ येते. ती मी ओळखते. इतकी वर्षं उशाशी ऐकली आहे. वर जाऊन पाहिलं — तो झोपलेला, आणि आवाजच नाही. छाती जेमतेम हलते.

१६ जून
उस्तादांना गाठलं. म्हणाले, ताई, इतका दाब लोखंड एकटं सोसतं होय? आता तिला हात लावू नका.
मी लावला. गाडीने कमी ओढलं की त्याला जास्त मिळेल, असं वाटलं. दाब उतरवला आणि वरून धप्प आवाज — पळत गेले. ओठ निळे. खाली येऊन पुन्हा चढवला. तेव्हा श्वास आला.
म्हणजे तो आता तिच्यात आहे. सगळाच.

१९ जून
इंजिन बंद केलेलं नाही. त्याला खाली आणून गाडीशेजारी निजवलंय. शटर उघडं. पेट्रोल चालू गाडीत ओतते. उस्ताद फिरकत नाहीत.

२३ जून
तेल काळं झालंय. ते बदलायचं तर इंजिन बंद करावं लागतं. वरून नवं ओतते — पुरत नाही —

२४
तो म्हणाला, बंद कर गं. दमलो. म्हटलं, गप्प पड. रडले नाही.

२५
तेलाचा लाल दिवा. आत खरखर. त्याच्या घशातही तीच — हात धरलाय — शीळ अजून आहे, बारीक — आहे — अजून आ—