नकाशावरचा सातवा क्रमांक

३ जुलै, बुधवार

सात नंबरवर आमची बेरी छापली आहे. आमची!

सकाळी टेगन नव्या नकाशांचं खोकं घेऊन आली. पर्यटन मंडळातली पोरगी, सव्वीस वर्षांची, सतत खूश. "व्हर्ना, वास घे, शाई अजून ताजी आहे." 'शहरात आलात? मग या दहा गोष्टी घराबाहेर पडून कराच!' एक, होडीतून नदी. दोन, बंधाऱ्यावरचे पेलिकन. मग सायकलची वाट, बायसनचं कुरण, वाळूच्या बेटावर पोहणं, असलं नेहमीचंच. आणि सात — 'जुन्या तराफ्याच्या धक्क्यापासून दुसरी घळ, वठलेल्या पॉपलरच्या झाडापाशी उजवीकडे. सास्काटून बेरी, म्हणजे इथली जांभळी रानफळं, तोडा आणि पोटभर खा!'

पोटभर खा म्हणे. बापाचा माल आहे का? हो, आहे, माझ्या बापाचा! एकसष्ट साली त्यांनी ती जागा शोधली, मी तेव्हा दोन वर्षांची होते. आणि आता पुलाजवळच्या या माहितीच्या खोलीत बसून तिचा पत्ता येईल त्याला मीच वाटायचा. तीस वर्षं शाळेची बस चालवली, ती बरी होती.

खोकं टेबलाखाली ढकललं. विचारलं कुणी, तर गेल्या वर्षीचा नकाशा देते.

४ जुलै, गुरुवार

टेगनला विचारलं, कुणी सांगितलं? "एका स्थानिक व्यक्तीने. नाव नाही सांगायचं असं ठरलंय." वर म्हणते, जमीन तर सरकारी आहे.

जागा माहीत असलेली तीनच माणसं जिवंत आहेत. मी, ऑरेस्ट आणि आई. आई वृद्धाश्रमात, चाकाच्या खुर्चीत. तिने पाद्रीबाबालासुद्धा कधी सांगितलं नाही. दरवर्षी चर्चच्या जेवणात तो तिच्या बेरीचं सारण भरून उकडलेल्या वरेनिकी खायचा आणि विचारायचा, कुठल्या हो? आई सांगायची, "बाजारातल्या."

म्हणजे ऑरेस्ट. सख्खा धाकटा भाऊ!

आमच्या घरात याचे नियम होते. गाडी जागेपासून अर्धा मैल अलीकडे लावायची. जाताना मासे धरायचा गळ टपावर बांधायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं मासेमारी. येताना डब्यावर फडकं. ऑरेस्टच्या बायकोला लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी जागा ठाऊक नाही. ती बिचारी अजून समजते की नवऱ्याला मासे सापडत नाहीत.

हाच तो ऑरेस्ट. घरभेदी.

५ जुलै

फोन केला. सरळ विचारलं, तू सांगितलंस?

"मी नाही सांगितलं."

मग कुणी? तर म्हणतो, "व्हर्ना, अठरा तारखेपर्यंत दम धर की. मग बोलू."

अठरापर्यंत कशाला? तोवर झुडपं ओरबाडून झालेली असतील म्हणून! आणि अठराला माझा वाढदिवस. पासष्टावा. तेव्हा गोड बोलून केक खाऊ घालणार आणि प्रकरण मिटवणार. मी म्हटलं, बाबा असते तर तुला दारात उभा केला नसता. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. त्याने भांडायला हवं होतं. भांडला नाही म्हणजे खरंच आहे.

८ जुलै, सोमवार

काळ्या पेनाने सत्तर नकाशांवरचा सात नंबर खोडला. एकाहत्तराव्याला टेगनने पकडलं.

"व्हर्ना, हे काय?"

छपाईची चूक होती म्हटलं. तिचा चेहरा पडला. पडू दे.

९ जुलै

टोरंटोकडचं जोडपं आलं. दोघांच्या टोप्या सारख्या. बाई म्हणाली, "आम्हाला सात नंबर करायचाय."

करायचाय म्हणे! मी म्हटलं, तिथे गोचीड फार आहेत. ते खरंच आहे. मानेत घुसतात, तेही खरं आहे. मग म्हटलं, यंदा अस्वल दिसलंय. ते खरं नाही. दोघं बायसन बघायला गेले. दिवसभरात एवढंच समाधान.

१० जुलै, बुधवार

आईकडे गेले होते. तिला यातलं काही सांगितलं नाही, उगाच जिवाला घोर. एकोणनव्वद वर्षांची झाली. खिडकीपाशी बसून नदीकडे बघत होती.

म्हणाली, "पिकल्या असतील गं आता."

तीन उन्हाळे हेच. मला ने, मला एकदा ने. कुठे नेऊ? त्या उतारावरून खुर्ची न्यायची कशी? माझे स्वतःचे गुडघे बोलतात. दरवेळी म्हणते, आई, मी आणते ना तुला डबा भरून. आणते पण. ती एकेक उचलून बघते आणि म्हणते, "आणलेल्या आणि तोडलेल्या यात फरक असतो, पोरी." आज मात्र तिने हट्ट केला नाही. उलट हसली. मला वाटलं, समजलं असेल तिला शेवटी.

११ जुलै

ऑरेस्ट माझ्या शेडमधून बाबांचा डबा घेऊन गेला! मी कामावर होते. शेजारणीने सांगितलं. तो पत्र्याचा, तारेच्या कडीचा, पट्ट्यात ओवून पोटाशी बांधायचा, म्हणजे बेरी तोडायला दोन्ही हात मोकळे. सोबत बाबांचा पट्टाही नेला.

जागा विकून खाल्ली, आता डबापण.

१३ जुलै, शनिवार

आज तिकडे जाऊन आले. जायला नको होतं.

वाट सपाट केली आहे! खडी टाकून, रूळ फिरवून, एवढी रुंद की सहज गाडी जावी. पॉपलरला पिवळा बाण ठोकलाय. घळीत पंधरा-वीस माणसं. एक बाई फांदी वाकवायची सोडून मोडून घेत होती आणि मुलांना देत होती, घरी न्यायला. ज्या झुडपापाशी आई मला बसवायची — हाताला लागेल तेवढं तुझं, म्हणायची — ते बुडापासून तुडवलेलं. एक माणूस मला म्हणाला, "या ना, भरपूर आहेत, लाजू नका."

लाजू नका!

गाडीत बसून रडले. वाईट वाटलं म्हणून नाही, रागाने. आईने त्या जागेसाठी पाद्रीबाबाला खोटं सांगितलं होतं. आणि या लोकांना ती फुकट, रंगीत चित्रासकट मिळाली.

१४ जुलै

रविवार. चर्चला गेले नाही. गॅरेजमध्ये कोठाराचा उरलेला लाल रंग सापडला. प्लायवूडची फळी सापडली. लिहिलं —

फवारणी केली आहे. फळे खाऊ नयेत.

बस चालवायचे तेव्हा मुलांसाठी पाट्या लिहायचे, त्याच अक्षरात, मोठ्या, ठळक. मंडळाची पाटी वाटावी म्हणून कोपऱ्यात एक गोल काढला. मग वाटेच्या तोंडाशी खुंट्यावर ठोकून आले. लाज वाटते का? जराही नाही.

१५ जुलै

कुणीही नाही! तीनदा जाऊन पाहिलं. येतात, वाचतात, फोटो काढतात, जातात.

१६ जुलै, मंगळवार

टेगनचा फोन. लोक विचारतायत, पाटी कुणाची? मी म्हटलं, शेतखात्याची असेल. "चौकशी करते," म्हणाली, आवाज रडवेला. "उद्याच तर खास बोलावलंय त्यांना." कुणाला ते विचारलं नाही. तिच्या खास पाहुण्यांचं मला काय? खुशाल कर चौकशी. शेतखातं उत्तर देईपर्यंत बर्फ पडेल.

१७ जुलै, बुधवार

आज मजा पाहिली.

दुपारी सुट्टी काढून गेले, स्वतःपुरत्या तोडायला. घळीच्या पलीकडच्या काठावरून, जुन्या वाटेने, गळ टपावर बांधून. जमिनीलगतच्या फांद्यांवर अजून बऱ्याच होत्या. तोडत होते तोच वरती धूळ उडाली. पांढरी मोठी गाडी पार खडीच्या वाटेपर्यंत आली. थांबली. लांबून चेहरे दिसत नव्हते. ड्रायव्हर उतरला, पाटीपाशी उभा राहिला, परत गेला. आत बोलणं चाललेलं असावं. दहा मिनिटं तरी तशीच उभी होती. मी फांदीआड दडून बसले होते, पासष्टी आली तरी!

मग गाडीने वळण घेतलं आणि गेली.

मी तिथेच बसून पोटभर खाल्ल्या. बोटं जांभळी झाली, अजून निघाली नाहीत. नकाशात लिहिलंय तसंच, तोडा आणि खा. टेगनच्या खास पाहुण्यांनी आता पेलिकन बघावेत.

उद्या वाढदिवस. आईकडे जायचं आहे. ऑरेस्टही येईल. त्याच्याशी बोलणार नाही.

१८ जुलै, गुरुवार

आईच्या मांडीवर बाबांचा डबा होता. रिकामा. खुर्चीवर तिच्या पोटाशी बाबांचा पट्टा बांधलेला. म्हणाली, "काल आश्रमाची गाडी घेऊन गेली होती गं आम्हाला. त्या टेगनला मीच जागा सांगितली, खुर्ची जाईल अशी वाट करून देशील तर सांगते म्हटलं. तुझ्या वाढदिवसाच्या वरेनिकींसाठी स्वतःच्या हाताने तोडणार होते. ऑरेस्टला शपथ घातली होती. पण वर कुणीतरी पाटी लावली होती, विष मारलंय म्हणून. ज्याने लावली त्याचं देव भलं करो, नाहीतर आम्ही म्हाताऱ्या खाऊन बसलो असतो."

ऑरेस्ट माझ्या जांभळ्या बोटांकडे बघत होता.