कोंढ्याच्या पंपाला नाटकाच्या तारखा मागणारे फोन

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
मोबाईल कृषिपंप योजना कक्ष, भंडारा.

विषय : पंपाला येणारे परक्यांचे फोन बंद करून पंप अर्जदाराच्या ताब्यात मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "पंप फोनला प्रतिसाद देत आहे, सबब तक्रार निकाली."

महोदय,

१. मी, केवळराम सदाशिव गिऱ्हेपुंजे, मौजा कोंढा, ता. पवनी, सविनय कळवितो की, दिवाळीआधी आपल्या योजनेतून माझ्या विहिरीच्या पंपाला सिम असलेली पेटी बसली. एक रिंग दिली की पंप सुरू, दुसरी दिली की बंद. घरी खाटेवर बसून गव्हाला ठरल्या वेळी पाणी द्या, असे सांगून आपला माणूस जुना स्टार्टर घेऊन गेला.

२. आम्ही भाऊ चार, विहीर एक. नंबर नोंदवायला बसलो तर प्रत्येकाच्या खिशातून दोन-दोन सिम निघाले. तेव्हा पेटी कोणत्याही नंबरवर चालू द्या, असे मीच म्हटले. ही अक्कल माझी, कबूल आहे. परंतु पेटीतले सिम पूर्वी एका नाटक कंपनीच्या मॅनेजरचे होते, ही अक्कल आपल्या कक्षाची.

३. साहेब, मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या दिवसांत नाटकवाल्यांना किती फोन येतात हे आपणास सांगायला नको. गावोगावची मंडळे माझ्या पंपाला तारीख मागतात. त्यातला चिकट माणूस परवडतो. तो पुन्हा लावतो आणि पंप बंद होतो. सज्जन माणूस एकदाच लावतो, मग लाईन जाईपर्यंत पाणी वाहत राहते.

४. माझ्या वावराच्या खालच्या अंगाला धुरपताबाई रामटेके यांचा एक एकर हरभरा आहे. एकट्या बाईने पेरला, निंदला. माझे पाणी मधल्या धुऱ्याचा बांध फोडून त्यात दोनदा शिरले. अर्धा हरभरा पिवळा पडून गेला. उरलेला फुलावर आहे, आणखी एकदा पाणी साचले तर तोही हातचा जाईल. मला त्यांच्यासमोर उभे राहायची लाज वाटते.

५. सिम बदलायला पासवर्ड लागतो, तो आपल्याकडे आहे. पासवर्डसाठी पडताळणी लागते. पडताळणी म्हणजे दर सोमवारी अकरा वाजता आपल्या कक्षातून पंपाला जाणारा फोन. पंप सुरू झाल्याचा मेसेज आला की आपण 'सुस्थितीत' असा शेरा मारता. साहेब, आपणही एकदाच लावता. हरभऱ्यात शिरलेले पाणी दोन्ही वेळा सोमवारचेच होते.

६. हा अर्ज धुरपताबाईंना वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, "येवढं कायले लिवून राह्यला गा केवळराम? साहेबाले म्हणा, फोन नोको करू, चप्पल काढून माह्या वावरात ये." एवढे बोलून त्या सरळ विहिरीवर गेल्या. मी अडविले नाही. आता माझा गहू वाळेल, आणि पंप बंद आढळल्यास लाभार्थी तीन वर्षे अपात्र, असा आपला नियम आहे. माझे नाव खुशाल कापावे.

येत्या सोमवारी आपण फोन लावालच. लावावा.

धुऱ्यावर उभा असलेला, आपला नम्र,
केवळराम स. गिऱ्हेपुंजे
दि. ८ जानेवारी २०२६

सोबत :
१. पिवळ्या हरभऱ्याचे फोटो, दोन.
२. सदर पंपाचे तिन्ही फ्यूज. धुरपताबाईंनी स्वतः काढून दिले आहेत. पोच द्यावी, परत पाठवू नयेत.