कडप्प्याचा ओटा आणि चंद्रताल

मनाली
१९ सप्टेंबर २०२२

चि. रघूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही दोघे धडधाकट आहोत, हे आधी वाच आणि मगच पुढे जा. फोन करून उपयोग नाही. माझगावच्या शेडमध्ये जन्मभर पत्रे ठोकून तुझे कान गेलेत. परवा मी इकडून घसा फोडत होते आणि तू पलीकडून नुसता हो हो करत होतास. म्हणून हे पत्र.

तू बांधलेली गाडी इथपर्यंत शहाण्यासारखी आली. झोपायची फळी कुरकुरत नाही, खिडकीची जाळी पक्की आहे. निवृत्तीनंतर गाडी शिकणारी बाई म्हणून मी हायवेवर बरीच मिरवलेसुद्धा. पण बोगद्यापलीकडे डांबर संपलं आणि आमची घमेंडही संपली. सुट्या दगडांचा चढ लागला. तू शिकवलंस तसा फोर बाय फोरचा दांडा टाकला, लो गिअर घातला, टायरमधली हवा कमी केली. तरी गाडी मागून बसली आणि पुढची चाकं हवेत उचलल्यासारखी नुसती गरगरली. स्टिअरिंग हाताला लागेना. मागून खाडकन आवाज झाला, तो गाडीचा भार पेलणारा कमानपाटा तुटल्याचा. एका टॅक्सीवाल्याने दोर लावून आम्हाला खाली आणलं.

इथला मिस्त्री म्हणतो, मागे भार फार आहे. त्याने आत डोकावलं तेव्हा मी ओट्यावर चादर टाकली होती. ओटा काढायचा विषय तू काढू नकोस. चाळ पाडली तेव्हा आईच्या स्वयंपाकघरातली तेवढी एकच वस्तू आपण उचलून आणली. गाडीत बसावा म्हणून तू तो कापलास, आणि नेमका नारळ आपटून आपटून आईने पाडलेला खळगा त्यात गेला. तेव्हा मी किती दिवस रुसले होते ते आठव. तर आणखी एक पाटा वाढवला तर चालेल का, एवढंच कळव.

ह्यांच्या डोळ्यांचं तुला ठाऊक आहे. काचबिंदूने कडा खात खात आता किल्लीच्या भोकातून दिसावं एवढंच उरलंय. थंडीनंतर एवढंही राहील असं डॉक्टर सांगत नाहीत. ऑफिसात टेबलासमोरच्या कॅलेंडरवर ह्यांनी वर्षानुवर्षं इथला डोंगरातला चंद्रताल तलाव पाहिला. तो एकदा खरा दाखवायचा म्हणून तर हा खटाटोप. बर्फ पडलं की तो रस्ता बंद होईल. रघु, मला भीती वाटते रे.

चि. सौ. मीराला आशीर्वाद. गिरगावच्या घरी तुळशीला पाणी घालायला विसरू नका म्हणावं.

तुझी,
ताई

लालबाग
२४ सप्टेंबर २०२२

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मीराने मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे शेजाऱ्यांनाही सगळं कळलं. तुळस बरी आहे.

पाटा वाढवू नकोस. त्याने गाडी मागून उंच दिसेल, एवढंच. चारही चाकांनी ओढायला चारही चाकं जमिनीवर दाबून बसली पाहिजेत. तुझा ओटा, त्याचे दगडी पाय आणि पाण्याची टाकी हे सगळं मागच्या चाकांच्याही मागे लटकलंय. मग पुढची चाकं करणार काय? टाकी मिस्त्रीकडून पुढच्या सीटमागे बांधून घे. आणि ओटा काढ.

रागावलीस ना? रागाव. पण ऐक. मी तेव्हाच नको म्हटलं होतं आणि तू म्हणालीस, ओटा नसेल तर मी गाडीत पाय ठेवणार नाही. तुझ्यापुढे माझं कधी काय चाललंय? बसवताना मात्र मी तो चिकटवला नाही. मसाल्यांचा खण बाहेर ओढ. आत हात घातलास की खाली लोखंडी पट्टीवर बोल्ट लागतील. सतरा नंबरचा पाना तिथेच फडक्यात गुंडाळून ठेवलाय. ही वेळ येईल असं मला वाटत होतं. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

आई असती तर काय म्हणाली असती, सांगू? भावोजींच्या डोळ्यांपुढे तिने दगडाचं कौतुक केलं नसतं. चेडवा, टाक तो धोंडो, असं लेकीला दटावून स्वतःच पाना घेतला असता. तू इथून निघालीस तेव्हापासून मला नीट झोप नाही. भावोजींना तलाव दाखव आणि सुखरूप ये.

माया कमी करू नकोस,
तुझा,
रघु

मनाली
४ ऑक्टोबर २०२२

चि. रघूस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार. पाना मिळाला.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं आणि दिवसभर मी तुझ्यावर आणि शेजाऱ्यांना ऐकवणाऱ्या मीरावरसुद्धा चिडून होते. संध्याकाळी बघते तर हे खण बाहेर काढून चाचपडत बोल्ट शोधत होते. मला म्हणाले, राहू दे ओटा, तलाव तसा कॅलेंडरवर पाहिलाय मी. ते बोल्ट शोधत होते ते काढायला नाही. सैल तर झाले नाहीत ना, हे बघायला. त्यांचं हे ऐकून मला इतकं भरून आलं की मी पाना घेऊन खालीच बसले. मी बोल्ट काढत गेले आणि ते एकेक ओंजळीत धरत गेले.

ज्या बाईंच्या आवारात आम्ही गाडी लावतो, त्यांना ओटा दिला. त्यांनी तो नळाशेजारी मांडला आणि लगेच त्यावर कणीक मळायला घेतली. मी रडले. त्यांनी कारण न विचारता मला गरम रोटी खायला घातली.

आणि मग गाडी चढली, रघु! त्याच चढावर पुढची चाकं दगडांना धरून अशी सरसर वर गेली की मी एकटीच ओरडले. नाल्यातूनही पार झाली. शेवटची वाट चालायची होती, ती ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पार केली.

सगळा तलाव त्यांना एकदम दिसत नव्हता. त्यांनी डावीकडून सुरुवात केली आणि मान अगदी हळूहळू फिरवत उजव्या टोकापर्यंत नेली. मग पुन्हा उलट. कॅलेंडरवाल्यांनी रंग चुकवलाय म्हणाले, निळा नाही, हिरव्याकडे झुकतो. वारा सुटला तरी उठेनात. निघताना मात्र मागे वळून पाहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, पाठ झालंय.

उद्या परतीला लागतो. ओट्याची जागा रिकामी दिसते, पण तिथे आता ह्यांची खुर्ची बसते. गिरगावच्या पत्त्यावर उत्तर पाठव, घरी पोचल्यावर वाचीन. तुझ्यावर जीव आहे, पण धपाटा मिळेल.

ताई

लालबाग
११ ऑक्टोबर २०२२

ती. सौ. ताई व ती. भावोजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मीरा तुमच्या दारातून आत टाकणार आहे, म्हणजे कुलूप उघडल्या उघडल्या मिळेल. तुझं पत्र तिने दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मीच तिला मधे थांबवलं. पुढचं ऐकवेना. भावोजी, तुम्ही तलाव पाहिलात, माझ्या हातांचं चीज झालं.

ताई, गाडीसाठी ओटा कापला तेव्हा उरलेला तुकडा मी फेकला नव्हता. तुला वाटलं खळगा गेला. तू इतकी रुसलीस की तो तुकडा शेडमध्ये आहे हे सांगायचंच राहून गेलं, आणि नंतर सांगावंसं वाटेना.

तुम्ही नसताना किल्ली होतीच. तुमच्या गॅलरीत भावोजी बसतात तिथे, हाताच्या उंचीवर तो बसवलाय. कडा घासून गोल केल्यात, लागणार नाहीत. भावोजींनी उजवा हात टेकला की बोटं आईच्या खळग्यात जातील. चहाचा कप रोज त्याच्या पलीकडेच ठेवत जा, म्हणजे पुढे कधी काही दिसेनासं झालं तरी त्यांना तो कुणाला मागावा लागणार नाही.

या वेळी बोल्ट लावलेले नाहीत. सिमेंटात पक्का बसवलाय.

धपाटा खायला रविवारी येतो.

तुझा,
रघु