बाबांचा ट्रॅक्टर, मु. पो. मॉरिसव्हिल

२७ मे २००६, शनि.
बाबांनी ट्रॅक्टर घेतला. वाक्य लिहून परत वाचलं, तरी पटत नाही.
हायवेपलीकडच्या शेतावरचे आजोबा वारले, त्यांच्या सामानाचा लिलाव होता. एप्रिलमध्ये सांगलीहून आल्यापासून बाबा घरात बसून कंटाळलेत, म्हटलं तेवढाच बदल. मी लेमोनेड आणायला गेलो, परत येतो तर हे मालक. लिलाववाल्याशी चक्क घासाघीस केली म्हणे. तो आकडा वर नेतोय, हे खाली आणतायत. लोक हसत होते. ट्रॅ. बंद पडलेला, दुसरं कुणी बोली लावायला तयार नाही, शेवटी लिलाववाल्याने हात टेकले.
आजोबांच्या मुलीने, कॅरलने, स्वतःच्या ट्रेलरवर घालून घरी आणून दिला. मेधाने बायकोच्या अधिकाराने एवढंच विचारलं, "ठेवणार कुठे?"

२८ मे
गराजमध्ये. माझी गाडी बाहेर, मेधाची बाहेर.
बाबांचं म्हणणं: तीस वर्षं बँकेतर्फे लोकांचे कर्जाचे ट्रॅ. तपासत हिंडलो, एकावरही बसलो नाही. खरं आहे. ट्रॅ. जागेवर आहे का, नंबर जुळतो का, एवढंच ते बघत. आज विचारलं, कार्बोरेटर कुठे असतो? म्हणाले, इंजिनात असणार. आणि मी कॉम्प्युटर चिप्सचं सॉफ्टवेअर लिहिणारा. आनंद आहे.

१० जून
एअर फिल्टरमध्ये उंदरांचा अख्खा संसार. टाकीत गंज. इंटरनेटवर एक फोरम सापडला, तिथले लोक फार सज्जन आणि फार सविस्तर. बाबांना प्रत्येक उत्तराचा मराठीत अनुवाद हवा. मग ते त्यावर शेरा मारणार.
रात्री मे. म्हणाली, निदान त्यांना भूक तरी लागायला लागलीय.
ते खरं. आई जाऊन सव्वा वर्ष झालं. सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटे, दोन वेळचा डबा बाहेरून. इथेच राहा म्हटलं की "तिथे माझी कामं आहेत." कसली कामं? सोसायटीची मीटिंग. २१ सप्टेंबरचं परतीचं तिकीट पासपोर्टसकट उशाशी घेऊन झोपतात. मला एकच भीती आहे. एक दिवस मी इथून फोन लावणार आणि तो नुसता वाजत राहणार.

२ जुलै
कार्बोरेटर उघडला. आतले पितळी भाग काळे ठिक्कर. फोरमवाल्यांनी साफसफाईचा फवारा सांगितला होता, तो आणायला मी दुकानात गेलो. येतो तर बाबांनी सगळे भाग चिंच-मीठ लावून घासलेले. समईसारखे लखलखीत. बारीक भोकांत चिंचेचा कोळ बसलेला. तीन तास टाचणीने कोळ काढत बसलो. कोळ केलेला मे.च्या कढईत, ती तिने उचलून आत नेली. 

२३ जुलै
कॉलनीच्या असोसिएशनच्या बाईंचा फोन. तुमच्या गराजमध्ये शेतीचं यंत्र आहे असं कळलं. म्हटलं, दार बंद असतं. म्हणाल्या, काल संध्याकाळी उघडं होतं, एक वयस्कर गृहस्थ त्याच्याशेजारी खुर्ची टाकून चहा पीत होते.
बाबांना सांगितलं. "मग त्यांना पण चहाला बोलाव."

१२ ऑगस्ट
आज मी शहाणपणा केला. नवी बॅटरी जोडली. निगेटिव्ह बॉडीला, जसं जगात सगळीकडे असतं. या जुन्या ट्रॅ.मध्ये पॉझिटिव्ह बॉडीला जोडतात. फोरमवर पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. धूर, वास, एक वायर खलास आणि तिच्याबरोबर एक पार्ट. नवा महिनाभराने येणार.
बाबांनी धूर जायला गराजचं दार उघडलं आणि जळालेली वायर कागदात गुंडाळून ठेवली. 

९ सप्टेंबर, शनि.
पार्ट काल आला, आज सकाळी बसवला. पेट्रोल भरलं, बॅटरी उलटी जोडली, म्हणजे सुलटी. बाबांना हाक मारली, या, बसा, किल्ली फिरवा.
म्हणाले, आता नाही. कालपासून पितृपक्ष लागला. नवीन काही सुरू करायचं नाही.
मी बघतच राहिलो. हा माणूस जन्मात कधी पंचांग मानत आला नाही! फ्रिज ऐन पितृपक्षात घरी आणला होता, आईने तो पंधरा दिवस खोक्यातून काढू दिला नाही, तर हे रोज तिची चेष्टा करायचे. तेच बोलून दाखवलं.
"ती असती तर चालू दिला नसता," म्हणाले. आणि आत गेले.
पितृपक्ष संपणार २२ला. घटस्थापना २३ला. तिकीट २१चं. पितृपक्षात विमानात बसलेलं चालतं, ट्रॅक्टरवर नाही. डोकं फुटायची वेळ आलीय.

१३ सप्टेंबर
शनिवारी अविधवा नवमी. आई सवाष्ण गेली, म्हणून त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला घालायचं. मे. चार दिवस फोन करतेय. शनिवार म्हणजे कुणाचं सॉकर, कुणाकडे वाढदिवस, दोघी टेक्सासात शुगर लँडला लग्नाला.
बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "ती ट्रॅक्टरवाली कॅरल लग्न झालेली आहे ना?"
ती वडिलांच्या घराची शेवटची कागदपत्रं करायला ओहायोहून आलीय, रविवारी परत. मे.ने खरंच फोन केला. ती येते म्हणाली.

१६ सप्टेंबर, शनि.
खीर, वडे, भाज्या, आमसुलाची चटणी. मे.ने कॅरलला कुंकू लावलं, ओटी भरली. हे कशासाठी ते तिने विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं. वर्षातले पंधरा दिवस गेलेल्यांसाठी. ती जेवायची थांबली. मग सगळं संपवलं, चटणीसुद्धा.
जेवल्यावर गराजमध्ये नेलं. पुसून ठेवलेल्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, डॅड रविवारी चर्चहून आले की कोट न काढता हा सुरू करायचे, कुठे जायचं नसलं तरी. एकदा ऐकता येईल का?
मी बाबांकडे बघितलं. आता हे हिला पंचांग सांगणार, आणि मी त्याचं भाषांतर करणार. लाजेने मेलो होतो.
बाबांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. "युअर फादर्स. यू स्टार्ट."
मग माझ्याकडे वळून मराठीत, "आपल्याला नवीन आहे. तिला नाही. तिचं तर हे श्राद्धच झालं."
ट्रॅ. खोकला, ठसकला, मग सुरू झाला. काळा धूर, मे.चे कपडे दोरीवर. कॅरल सीटवर बसून रडत होती आणि हसत होती. बाबा भिंतीला टेकून उभे होते, हात जोडलेले, गाल ओले. मी त्यांना आईच्या तेराव्यालाही रडताना बघितलं नव्हतं.
ते मात्र ट्रॅ.वर बसले नाहीत. कॅरल गेल्यावर म्हटलं, आता तर सुरू झाला की. "माझा नाही झाला."

१९ सप्टेंबर
बॅग भरून तयार. वजन तीनदा केलं. म्हटलं, बाबा, दोन दिवसांचा प्रश्न आहे, तिकीट पुढे ढकलू. शनिवारी नारळ फोडा आणि चालवा. नाही. "तू चालव. मला फोनवर आवाज ऐकव."
या एका वाक्यावर मी इतका चिडलो, की ओरडलोच. फोनवर काहीही ऐकवणार नाही म्हटलं. मे. मध्ये पडली.

२० सप्टेंबर, बुध.
ऑफिसला दांडी. दुपारपासून एअरलाइनच्या फोनवर होल्डवर आहे, त्यांचं संगीत ऐकत. न विचारताच लावला. उद्याचं विमान आहे, विचारत बसलो तर ते निघून जातील.
बाबा दारात आले. कुणाचा फोन? सांगितलं.
  बाबांनी विचारलं, शनिवारी इथे नारळ मिळतो का.
मिळतो म्हटलं. होल्ड अजून चालूच आहे.