आईच्या नावची जागा

सिम्फेरोपोलजवळचं माळरान,
ऑगस्ट १९९०

प्रिय मुस्फिरेताई,

तुझं पत्र आणि जर्दाळूंची पिशवी माझ्या दिराने परवा आणून दिली. पत्राचं पुढे सांगते.

आधीच्या पत्रांतून मी क्रिमियाचं जे कौतुक लिहिलं, त्यातल्या निम्म्या थापा होत्या. तंबू जाऊन आता दगडांची एक खोली झालीय, पण सरळ उभं राहिलं की तुझ्या मेव्हण्याचं, नाफेचं डोकं छपराला आपटतं. दुकानदारीण मला बघितलं की पाव संपला म्हणते आणि माझ्या मागच्या बाईला देते. नाफे एवढा इंजिनियर, पण नोकरी मागायला गेला की म्हणतात, रहिवासाची नोंद आण. नोंदीला गेलं की म्हणतात, घर दाखव. घराची परवानगी मागितली की विचारतात, नोकरी कुठंय? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! तुमच्या तिकडची, चिर्चिकची नोंद तर निघतानाच रद्द करून आलो, त्यामुळे परतायचीही सोय नाही.

बाबांनी चिर्चिकच्या अंगणात जर्दाळूचं रोप लावलं तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं होतं, आठवतं? "परक्या मातीत झाडं कसली लावताय? पुढच्या वर्षी आपण घरी जाणार!" बाबा म्हणाले, "मग पुढच्या वर्षी उपटू." अठराव्या वर्षी सैनिकांनी आपल्या सगळ्या लोकांसकट क्रिमियातल्या घरातून पंधरा मिनिटांत बाहेर काढून मालगाडीत कोंबलेली बाई ती. तिने आपल्याला दुधाबरोबर क्रिमियाच पाजला.

इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला तिच्या गावी नेलं. गाव कसलं, नुसत्या द्राक्षांच्या रांगा. बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "झालं बघून. चला घरी." मला वाटलं, तंबूत जाऊ म्हणतेय. अगं, ती चिर्चिक म्हणत होती! तेव्हापासून एकच धोशा. "तुझे बाबा तिथं एकटे पडलेत. माझी कबर त्यांच्या शेजारीच हवी." एकदा मी फाडकन बोलले, "जन्मभर आमचे कान किटवलेस आणि आता हे?" तर म्हणाली, "चुकलं माझं. पण मला जाऊ दे." ताई, आई 'चुकलं' म्हणाल्याचं तू कधी ऐकलंयस?

पण जाऊ कशी देऊ? इथल्या जागा आपल्या परतलेल्या लोकांच्या समितीने इथं जन्मलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर वाटल्यात. रोज सकाळी समितीचे रिदवान आगा फेरी मारतात, नाव पुकारतात, आणि ज्याचं नाव त्याने दारात येऊन ओ द्यायची. तीन दिवस ओ आली नाही तर जागा रांगेतल्या पुढच्या कुटुंबाला. आगांचं तरी काय चुकतंय, उघड्यावर चारशे कुटुंबं आहेत. आई गेली की आम्हीही उघड्यावर, आणि मला पाचवा महिना लागलाय. ती मुकाट्याने ओ देते, मग भिंतीकडे तोंड करून बसते.

तू लिहिलंस, "आई, ये, तुझी खोली तशीच ठेवलीय, तिकीट पाठवते." ते पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नाही, त्याचा फायदा घेतला. म्हटलं, नुसते जर्दाळू आलेत. तिचा पासपोर्टही मी लपवलाय. तुझ्या नावाने खोटं पत्र लिहायलाही बसले होते, पण हात चालला नाही. लाज वाटते गं, पण दुसरा रस्ता दिसत नाही. म्हणून तुझ्या पाया पडते, तूच तिला लिही. घर विकलं म्हणून लिही. आमच्याकडे तुला ठेवायला जागा नाही, येऊ नकोस, असं लिही. ती शेजारणीकडून वाचून घेईल, तेव्हा कडक लिही. गोड लिहिलंस तर ती वाट बघत राहील.

तुझीच,
साब्रिये