साखर नसलेली बिस्किटं

३ जानेवारी
डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. साखर अशीच राहिली तर एप्रिलपासून रोज पोटात इंजेक्शन, म्हणाले. तेही स्वतःच्या हातानं. मला टीव्हीवर सुई दिसली तरी घाम फुटतो. ठरलं. आजपासून साखर बंद. बायको 'बघू' म्हणाली. सूर आवडला नाही.

४ जानेवारी
बिनसाखरेचा चहा. काढा परवडला. दुपारी आयडिया सुचली. आमच्या प्रेसमध्ये खाण्याच्या मालाची लेबलं छापतात आणि त्यांची अक्षरजुळणी मी करतो. त्या 'साखर नाही'वाल्या बिस्किटांचं लेबल माझंच. हिरवं पान, खाली टपोरी अक्षरं. येताना दोन पुडे आणले. चक्क गोड लागतात. विज्ञान कुठल्या कुठे गेलं.

१९ जानेवारी
पथ्य जोरात. बिस्किटं, 'डाएट' सरबत, 'फिट' दही, 'नैसर्गिक' रस. दिवसभर खातो, पण साखरेचा कण नाही. बायको म्हणाली, अहो, हे पथ्य आहे की पार्टी? संयम म्हणजे काय हे सगळ्यांना कळतंच असं नाही.

८ फेब्रुवारी
पँटचं बटण तुटलं. हल्लीचे शिंपी कच्चा दोरा वापरतात.

२ मार्च
वजन वाढलं. स्नायू असणार. उद्यापासून पहाटे चालणे.

३ मार्च
बूट चावतो. आधी नवीन बूट, मग चालणे.

२८ मार्च
रिपोर्ट आला. साखर वाढलीय. लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या असणार. दुसरीकडे रक्त दिलं.

३० मार्च
दुसऱ्या लॅबमध्ये आणखी जास्त. दोघांचं साटंलोटं आहे.

३१ मार्च, संध्याकाळ
मुलीनं बिस्किटांचा पुडा उलटा केला, मोबाइलवर फोटो काढून मोठा केला आणि मोठ्यानं वाचायला लागली. मैदा, माल्टोडेक्स्ट्रिन, आटवलेला फळांचा रस. म्हणाली, बाबा, पोटात गेल्यावर ही सगळी साखरच. मी म्हटलं, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. बायकोनं विचारलं, अहो, हे तुम्हीच जुळवलंत ना? वाचलं नाहीत?
तिला आमचा धंदा कळत नाही. आम्ही काना-मात्रा बघतो, ओळी सरळ आहेत का ते बघतो. मजकूर वाचत बसलो तर काम कधी व्हायचं? त्या लेबलावर एकही चूक नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण ज्यांचा माल आयुष्यभर नटवला, त्यांनीच माझा असा घात करावा?

२ एप्रिल
कंपनीचा माणूस प्रेसमध्ये आला होता. चांगला फैलावर घेतला. म्हणजे चहा पिताना विषय काढला. तो हसला. सगळं मागे छापलंय की साहेब, आणि प्रुफावर सही तुमचीच, म्हणाला. जाताना नवीन चवीचा पुडा ठेवून गेला. परतच करणार होतो. पुरावा म्हणून ठेवला.

३ एप्रिल
पुरावा संपला.

५ एप्रिल
पहिलं इंजेक्शन. मी सुई दोनदा उचलून खाली ठेवली, म्हणून बायकोनं टोचलं. तिचे डोळे भरले होते. माझे मिटलेले होते.
डॉक्टर म्हणाले, यानं साखर कधी एकदम उतरते. चक्कर आली, घाम फुटला, की लगेच चमचाभर साखर खायची. पुडी कायम खिशात हवी. कायम! हे प्रत्यक्ष डॉक्टरांनी सांगितलं. देवमाणूस आहे.

६ एप्रिल
प्रेसला जाताना चक्कर आल्यासारखं वाटलं. जेवणाआधी पुन्हा. परतताना बसस्टॉपवर घाम फुटला. ऊन होतंच, पण जोखीम कशाला? पुडी रिकामी.

७ एप्रिल
फितुरी. बायकोनं परस्पर डॉक्टरांना फोन केला. आता चक्कर आल्यासारखी वाटली की आधी बोटाला सुई टोचून साखर मोजायची. आकडा खाली असेल तरच पुडी उघडायची. मोजायचं मशीन तिनं स्वतः माझ्या खिशात घातलं.
आज दिवसभर एकदाही चक्कर आली नाही.