मेव्हण्यांच्या पोटातला माझा तुकडा

मदुरै

ती. सेंदामरै अक्कास,

धाकट्या सुडलैचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, पालथं पडायला डॉक्टरांची मनाई आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी अजून तसेच घोरतात का?

पत्रास कारण, माझ्या यकृताचा चांगला मोठा तुकडा आता पेच्चीच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे आमच्या मेव्हण्यांच्या, इसक्किमुत्तू मास्तरांच्या पोटात आहे. घाबरू नकोस, दोघंही जिवंत आहोत. मास्तरांनी आयुष्यात चहासुद्धा कडक घेतला नाही, आणि पित्ताच्या नळ्याच आकसून त्यांचं यकृत गेलं. डोळे हळदीसारखे पिवळे (त्या डोळ्यांनीही माझ्याकडे बघायचे ते जुन्याच तुच्छतेने, बहीण हलवायाला दिली, हे त्यांना अजून पचलेलं नाही). पेच्चीचा रक्तगट जुळेना, मास्तरांना मूलबाळ नाही. जुळला माझा. पेच्ची नुसती समोर बसून राहिली. शेवटी मीच म्हणालो, "घ्या बाई काढून."

तर डॉक्टरीणबाई म्हणतात, यकृतावर चरबी आहे, असं चालणार नाही. अक्का, मी तिरुनेलवेलीचा हलवाई! उकडलेल्या भाज्या गिळल्या, ताम्रपर्णीच्या काठाने धावलो (कुत्रीसुद्धा थांबून बघायची). हलवा चाखायची बंदी, म्हणून नुसत्या वासावर कढई उतरवायचो. गिऱ्हाइकं म्हणाली, यंदा चव सुधारली.

मग सरकारी समिती. रक्ताचं नातं नाही, तेव्हा पैसे घेऊन तर देत नाही ना, ही त्यांची शंका. आपुलकीचा पुरावा म्हणून एकत्र फोटो मागितले. आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मेव्हण्यांनी तोंड फिरवलेलं! साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "यांना देताय?" तशी पेच्ची कडाडली, "पैसे दिले असते, तर हे दोघं एकमेकांशी गोड नसते का बोलले?" साहेब हसले आणि सही झाली.

ऑपरेशनला नेताना मी अगदी निर्धास्त होतो. दाराशी आमच्या दोघांच्या स्ट्रेचरच्या गाड्या शेजारी लागल्या. मेव्हण्यांनी माझी बोटं धरली. म्हणाले, "जावईबापू, परत या हं." एवढंच.

आता त्यांच्या डोळ्यांत पांढरं दिसतंय. काल भिंतीला धरून मला बघायला आले आणि माझ्याच ताटलीतली इडली मोडून म्हणाले, "कडक आहे." बरे होताहेत.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा (हसलो की टाके ओढतात असा)
सुडलै

ता.क. 'निर्धास्त' हा शब्द पेच्चीने वाचला. तिच्या आग्रहाखातर कळवतो की मी हमसून रडलो.

ता.ता.क. आता मुद्दा. अम्माला यातलं काहीच ठाऊक नाही. चेन्नैला पीठ मळायचं मशीन बघायला गेलोय, असं सांगितलंय. दिवाळीला ती सदरा काढायला लावून तेल चोळणार, आणि टाके दिसले की माझं काही खरं नाही. तू थोरली. तेवढं तू सांग.

ता.ता.ता.क. पाकीट चिकटवणार तोच अम्माचा फोन. "मशीन उजव्या कुशीतून काढलं की डाव्या?" मग तिने मास्तरांना फोन द्यायला सांगितला. मी फोन त्यांच्या खोलीत नेला, तसे ते पलंगावरून उठून उभे राहिले आणि नुसतं "हो अम्मा, हो अम्मा" म्हणत राहिले. दिवाळीला तेल लावून घ्यायला त्यांनीही यायचंय. आधी त्यांना, मग मला.